रिकामं नरसाळं

"बाई, प्रदर्शन उद्या आहे, पुढच्या महिन्यात नाही."

"माहितीय, सर. म्हणून तर आज भांडतेय."

"तक्ता रंगवून झाला, पोरीचं नाव कळवून झालं. आता तुमची सही तेवढी राहिली."

"तिन्ही प्रकारची माती सारखीच वागतेय, सर. सख्ख्या बहिणीसुद्धा इतकं सारखं वागत नाहीत."

शशिकांत सर हसले, पण हातातलं पेन त्यांनी खाली ठेवलं नाही. भाईंदर पश्चिमेच्या त्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा कारभार त्यांच्याकडे होता आणि प्रयोग तपासायचं काम अनसूयाबाईंकडे. बाई परळ सोडून इथे राहायला आल्या त्याला सात-आठ वर्षं झाली होती. त्याआधी त्या एका रंगाच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर होत्या. तिथून एक खोड सोबत आली होती. कुठलाही प्रयोग समोर आला की त्या विचारत, "आणि काहीच नाही घातलं तर काय होतं?" मुलं मागे त्यांची नक्कल करायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

आज टेबलापाशी नववीतली सुरुची उभी होती. गोडदेवला राहणारी, घर मूळचं रत्नागिरीकडचं. तीन नरसाळ्यांत तळाशी कापडाची घडी ठेवून तिने तीन प्रकारची माती भरली होती: गावाहून पिशवीतून आणलेली लाल, खाडीकाठच्या खाजणातली काळी आणि कुंडीतली. वरून थेंबभर आम्ल मिसळलेलं पाणी ओतायचं, हा तिचा आम्लाचा पाऊस. खाली गळणाऱ्या पाण्यात निळा लिटमस कागद बुडवायचा. आम्ल शिल्लक असेल तर तो लाल होणार. तिन्हीकडे तो निळाच राहिला होता.

सुरुचीने ठाण्याच्या प्रदर्शनाला जावं असं सगळ्यात जास्त बाईंनाच वाटत होतं. वर्गात पुस्तकाबाहेरचा प्रयोग करणारी ती एकटीच.

"सुरुची, तुमच्याकडची लाल माती मुळात आंबट असते गं. तिला आम्ल मारणं कसं जमलं?"

"मलापण तेच वाटलं, बाई. पण जमलं ना."

"एक नरसाळं रिकामं लाव. कापड ठेव, माती नको."

"बाई, तुम्ही परीक्षक आहात की इन्स्पेक्टर?" सर म्हणाले.

सुरुचीने चौथ्या नरसाळ्याच्या तळाशी तशीच कापडाची घडी बसवली आणि तेच पाणी ओतलं. खाली वाटीत कागद बुडवला. निळाच. तिने दुसरा कागद घेतला, तोही निळा. मग कापड काढून टाकलं आणि पाणी नुसतंच सोडलं. कागद लाल झाला.

बाईंनी ते ओलं कापड उचलून बोटांत चोळलं. बुळबुळीत लागलं.

"हे कुठलं?"

"आईच्या जुन्या साडीचं. तिने सोड्यात उकळून दिलं, प्रयोगाला घाण नको म्हणून."

"खळबळलं किती पाण्यात?"

"एकाच." सुरुचीने मान खाली घातली. "नळ परवा आला होता ना, बाई. बादली पुरवून वापरतो आम्ही."

बाईंच्या घरीही तसंच चालायचं. धुण्याच्या सोड्याने आम्ल मारलं होतं. मातीला काम करायची वेळच आली नव्हती.

"झालं?" सर जरा मऊ झाले. "चांगला प्रयोग आहे. ठाण्याला कापडाचं कोण विचारतंय?"

"मी असते तर विचारलं असतं."

"तुम्ही नाही ना तिथे. सुरुची, तू सांग. आई-बाबा येणार आहेत बघायला. लाल माती चालली नाही असं सांगत उभी राहशील? की आहे तसंच नेऊ?"

बाईंनी सरांच्या हातातलं पेन घेतलं नव्हतं. त्याही तिच्याकडेच बघत होत्या. मनातून त्यांना वाटत होतं, पोरीने आहे तसंच नेऊ म्हणावं आणि आपण सही करून टाकावी.

बाहेरून शिपाई धाकूमामांचा आवाज आला, "नळ आलाय, भरून घ्या रे."

सुरुचीने उरलेल्या तिन्ही नरसाळ्यांतली माती एकेका वर्तमानपत्रावर नीट उपडी केली. तिन्ही कापडं काढली, बाईंच्या हातातलं चौथं घेतलं, सगळी पिळून ओंजळीत धरली. सर अजून उत्तराची वाट बघत होते. ती त्यांच्या शेजारून दाराबाहेर पडली आणि नळाकडे गेली.