आधी आजी

मेई आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आली, तेव्हा तिला ओवाळायचं ठरलं. उदबत्तीचं घर सापडेना, म्हणून मी वाटीभर तांदळात उदबत्ती खोचली आणि वाटी तिच्यापुढे धरली. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. मेईनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, आमच्याकडं हे मेलेल्या माणसापुढं ठेवत्यात. मी तर आत्ताच आलीय."

ही माझ्या अमेरिकेतल्या मोठ्या भावाची, दादाची मुलगी. तिची आई चिनी. आईबाप दोघंही नोकरीवर, त्यामुळे तिला वाढवलं आईच्या आईनं, म्हणजे पोपोनं. मराठी मात्र ती दादाकडून शिकली, आणि दादाची मराठी आमच्या गावची, कोल्हारची. आम्ही शहरात फ्लॅट घेतल्यावर 'हाय' सोडून 'आहे' म्हणायला लागलो. दादा कॅलिफोर्नियात राहून कोल्हारचाच राहिला. ही जीन्समधली पोरगी जिन्यात "लई भूक लागली" म्हणाली, की शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघायच्या.

शाळेच्या डब्यात पोपो तिला वाफवलेली मासळी द्यायची. मुलं नाक धरायची.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"झाकण पुरं उघडून मधल्या टेबलापाशी बसले."

घरी उलटी तऱ्हा. मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलते म्हणून पोपो तिला 'अमेरिकन' म्हणायची, आणि ती शिवी असायची. "पोपो म्हणती, मोठ्यांना उलट बोलू नको. शाळा म्हणती, गप बसू नको," मेई सांगायची. "मी दोन्ही पाळते." हे दोन्ही एकदम कसं पाळतात, ते आम्हाला कोल्हारला कळलं.

कुळधर्माचं जेवण होतं. आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. माझी आई ब्याऐंशीची, जेवणाआधी इन्सुलिनची सुई घेते. आदल्या वर्षी सुई घेतली, बायकांची पंगत लांबली आणि आई चुलीपाशी घामाघूम होऊन कोसळली. तरी त्या दिवशीही सुई घेऊन ती पुरणपोळ्यांपाशीच बसली होती. हे मला माहीत होतं. आणि मी पहिल्या पंगतीत बसलो होतो, हेही सांगितलं पाहिजे.

पाहुणी म्हणून मेईला आमच्यात बसवलं. माझा पहिला घास तोंडात गेला, तरी ती हात मांडीवर ठेवून बसलेली.

"जेव की पोरी," आबा म्हणाले. आबा माझे चुलते, घराचे कारभारी.

"आजी बसल्यावर जेवते, आबा."

"बाया मागनं बसत्यात. रीत हाय ती आपली."

"व्हय, आबा. पोपोच्या घरी बी रीत हाय. सगळ्यात मोठं माणूस पहिला घास घेतं, मग बाकीचे. इथं सगळ्यात मोठं कोण हाय?"

आवाज जराही चढलेला नव्हता. आबांनी भाताकडे पाहिलं. त्यांना मिसरूड फुटायच्या आधीपासून आई त्यांना वाढत आली होती.

"अमेरिकेचं खूळ इथं नको," माझा एक चुलतभाऊ बोलला.

"अमेरिकेचं न्हाई, चीनचं हाय. अमेरिकेत ज्याला भूक लागंल तो फ्रिज उघडतो."

आई आतून म्हणाली, "जेव गं बाई, लाजवू नको मला." मेई उठली नाही, जेवलीही नाही. पानातलं तूप थिजायला लागलं. मी घास गिळावा की नाही या विचारात तो तसाच गालात धरून बसलो होतो.

शेवटी आबाच म्हणाले, "वहिनी, या, बसा. न्हाईतर ही चीनची भिंत काय हलायची न्हाई."

आई पदर सावरत मेईशेजारी येऊन बसली. मेईनं दोन्ही हातांनी ताट तिच्यापुढे केलं. आईच्या कपाळावर घाम आला होता. संकोचानं की साखर उतरल्यानं, कुणास ठाऊक. तिनं पहिला घास घेतला. मग मीही माझा गिळला.

हल्ली कुळधर्माला आईचं ताट सगळ्यांत आधी वाढतात, आणि आबा पाहुण्यांना सांगतात की आमच्यात पहिल्यापासून असंच हाय.

मेईला विमानात बसवून आलो, त्या संध्याकाळी मी ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसलो. बायको ओट्याशी पोळ्या लाटत होती.

"जेवत का नाही?"

"तू बसल्याशिवाय नाही."

मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील.

"नुसतं थांबून पोळ्या होत नाहीत," ती म्हणाली. "उठा, लाटायला या."