राहीबाईचं पहिलं पत्र

आष्ट्याजवळच्या मळ्यात राहणाऱ्या राहीबाईला अक्षर म्हणून येत नव्हतं, पण जीभ अशी की फौजदारसुद्धा दारातून माघारी फिरलेला. बेचाळीसच्या चळवळीत नवऱ्यानं तारा तोडल्या आणि हिनं भूमिगतांना भाकरी पोचवल्या. नवरा धरला गेला, येरवड्याला गेला. तेव्हापासून दोघांचा संसार पोस्टकार्डावर. ही सांगायची, धाकटा दीर आप्पासो लिहायचा, आलेलं वाचूनही तोच दाखवायचा.

त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर आप्पासो गूळ घेऊन सांगलीला गेला होता, नेमकं तेव्हाच कार्ड आलं. राहीबाईला कुठला दम निघतोय! ती तडक मास्तरांच्या सुलाबाईकडे गेली. सुलाबाईनं वाचलं, 'तू रडून अर्धी झालीस, माफी मागून या म्हणतेस. तुझ्यासाठी या महिनाअखेरीला माफीनाम्यावर सही करतो.'

राहीबाईच्या अंगाची लाही झाली. "म्या असं कवा सांगितलं? घर बघती, वाकू नका, एवढंच सांगितलं व्हतं." मेल्या आप्पासोनं भावाच्या मायेपोटी स्वतःचंच घुसडलं होतं. माया कसली, घात होता तो!

सुलाबाई म्हणाली, "मी लिहून देते."

"नगं. परक्या हातावर त्येंनी आता का इस्वास ठेवावा? मलाच शिकवा."

आठ दिवस तिनं पाटी गिरवली. पण तुरुंगात पत्र आधी साहेब वाचतो, सही करू नका म्हटलं तर त्या ओळीवर काळं फासतो. म्हणून तिनं साधंच लिहिलं. 'आधीचं पत्र माझं न्हवं. मी रडत न्हाई. ऊस उभा हाय. सावकाश या.'

पत्त्यापाशी मात्र हात अडला. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं. लग्नाला आठ वर्षं झाली, उखाण्याशिवाय ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं. सुलाबाई म्हणाली, "नावाशिवाय जायचं कसं?" राहीबाईनं पदर खोचला आणि 'हंबीरराव' एवढं ठळक लिहिलं की गावाच्या नावाला जागाच उरेना.

महिना उलटला. माणूस आलं नाही, कार्ड आलं. मजकूर दोनच शब्दांचा. तिनं तो स्वतः वाचला, अक्षराला अक्षर जोडत. डोळे भरून आले, ते तिनं पुसले. मग गोठ्यात जाऊन आप्पासोपुढं कार्ड धरलं.

"भावजी, ह्ये तेवढं मोठ्यानं वाचा."

आप्पासोनं मान खाली घालून वाचलं, "सावकाश येतो."