सतरा मिनिटांचं कारण

नाव : गुलसारा अब्दिकादिरोवा. वय : एकोणपन्नास. पद : विलंब-कारण नोंदणी लिपिक (वर्ग दोन), ओश विमानतळ. कर्तव्य : उशिरा सुटलेल्या प्रत्येक विमानाच्या उशिराला कारणाचा क्रमांक देणे, कारणे दोन असल्यास मिनिटे विभागून देणे. वर्तन : समाधानकारक. मित्रपरिवार : नोंद नाही.

शेवटचा रकाना समजण्यासारखा आहे. उशीर कुणाच्या तरी माथी मारावाच लागतो, आणि ज्याच्या माथी बसतो तो आठवडाभर तिच्याबरोबर चहा पीत नाही. म्हणून जो तो हवामानाचा क्रमांक सुचवतो. हवामान भांडायला येत नाही. गुलसारा मात्र खिडकीतून डोंगराकडे बघते. डोंगर स्वच्छ दिसला की हवामान निर्दोष.

मंगळवारी सकाळी मॉस्कोचं विमान सतरा मिनिटं उशिरा सुटलं. तिकडे मजुरीला चाललेला एक तरुण, विमानापर्यंत नेणारी बस भरल्यावर, फाटकातून उलटा पळाला होता. आई बाहेर नान घेऊन उभी होती आणि गडबडीत त्याने घास तोडलाच नव्हता. निघताना एक घास तोडलेला उष्टा नान घरच्या भिंतीवर टांगून वाट बघत नसेल, तर माणूस परत यायचा कसा? फाटकावरच्या आयचुरेकने त्याला जाऊ दिलं.

प्रवासी गायब होण्याचा क्रमांक आयचुरेकच्या नावावर या तिमाहीत दोनदा लागला होता. पंधरा मिनिटांच्या वर तिसऱ्यांदा लागला, की फाटक जाऊन हरवलेल्या बॅगांची खिडकी मिळणार होती. तिथे दिवसभर शिव्या खायच्या.

ती गुलसाराच्या टेबलापाशी आली. ‘‘एजे,’’ ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, ‘‘धुकं लिहा ना. थोडंसं.’’

‘‘थोड्याशा धुक्याला क्रमांक नाही.’’

गुलसाराने यादी दोनदा वाचली. पक्षी धडकला तर क्रमांक आहे, जेवणाचे डबे उशिरा आले तर आहे, आईला नाही. मग ती उठून फाटकावर गेली. तरुण तेराव्या मिनिटाला परतल्याचं तिथल्या यंत्रात नोंदलेलं होतं. उरलेली चार कुठे गेली, असं तिने बसचालक मामासालीला विचारलं. त्याने आधी कंपनीला, मग डिझेलला, मग बॅटरीला नावं ठेवली. वाट बघताना त्याने बस बंद केली होती. ती पुन्हा चालू होईना.

‘‘म्हणजे चार मिनिटं तुमची, बाइके,’’ थोरल्या भावाला म्हणावं तसं गुलसारा म्हणाली.

‘‘लिही बाई. फार तर बस काढून घेतील. मग ढकलतील तेच.’’

तेरा मिनिटं प्रवासी, चार मिनिटं बस. आयचुरेक आभार मानायला आली, तेव्हा गुलसाराने मान वर केली नाही. ‘‘बॅटरीचे मान. मी फक्त मोजलं.’’

तपासणीअंती सदर विलंबाची कारणमीमांसा तीन सह्यांनिशी मान्य करण्यात आली.

विमान मॉस्कोला वेळेच्या सहा मिनिटं आधी उतरलं होतं.