दोन दिवस जगलेली छाती

गाठ मला पहिल्यांदा लागली ती येडशीच्या शाळेत. मधली सुट्टी संपली होती, मी पोरींना ओळीत उभं करत होते. चौथीतली एक पोरगी पळत आली आणि धडकली. तिचं डोकं माझ्या डाव्या छातीला लागलं. कळ आली म्हणून पदराआडून हात लावला, तर आत बोराएवढं काहीतरी घट्ट होतं. मुका मार बसला असेल, असं मी ठरवलं. 'ठरवलं' हाच शब्द बरोबर आहे. कारण दुसरंही काहीतरी मला त्याच वेळी कळलं होतं आणि ते मी बाजूला सारलं होतं.

आठ महिने बाजूला सारत राहिले. सकाळी धाराशिवच्या स्टँडवरून एसटी, येडशीची शाळा, पाढे, परवचा, खिचडीची नोंद, संध्याकाळी परत. आंघोळ करताना त्या एका जागेला मी साबणसुद्धा लावत नव्हते. नवऱ्याला सांगितलं नाही. लातूरला फार्मसी शिकणाऱ्या मुलीला तर नाहीच. मी शिकलेली बाई आहे. शाळेत आरोग्याच्या ताई येतात तेव्हा त्यांच्या शेजारी उभी राहून पालकांच्या बैठकीत 'वेळेवर तपासून घ्या' असं मीच सांगते. तरी आठ महिने गेले. का गेले, हे सांगायचं तर आईचं सांगावं लागेल.

आम्ही जळकोटचे. वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते, आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी अकरावीत असताना तिला हाच आजार झाला. जखमेचा वास यायला लागेपर्यंत तिनं कुणाला कळू दिलं नाही. मग वडिलांनी सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं तिची एक बाजू काढली. घरी आल्यावर ती जुन्या लुगड्याच्या धडप्याचा बोळा करून पोलक्यात भरायची आणि रानात जायची.

त्या वर्षी गॅदरिंगला मला निबंधाचं बक्षीस मिळालं. आई कॉलेजात आली, बायकांत पुढं बसली. माझं नाव पुकारल्यावर तिनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि तो बोळा सरकून खाली पोटावर आला. तिच्या ध्यानात आलं नाही. ती टाळ्या वाजवतच राहिली. माझ्या वर्गातल्या पोरी माना खाली घालून हसल्या. स्टेजवरून मला सगळं दिसत होतं.

एसटीतून गावात उतरल्यावर मी तिच्याबरोबर चालले नाही. दहा-बारा पावलं पुढं चालत राहिले. घरात शिरल्यावर म्हणाले, "परत माझ्या कॉलेजात यायचं न्हाय."

"न्हाय येत बाई," आई म्हणाली. "लई आनंद झाला बघ. भान ऱ्हायलं न्हाय."

चार महिन्यांनी ती गेली. मी तिची माफी मागितली नाही. ती रागावली आहे असं तिनं कधी दाखवलंच नाही, त्यामुळं मागायची कशी हेही कळलं नाही.

माझं उघडकीला आलं ते नवऱ्यामुळं. ते न्यायालयात लिपिक आहेत. घरात कमी बोलतात, पण बघतात सगळं. माळ्यावरचा डबा काढताना माझा डावा हात वर जाईना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः डबा काढून खाली ठेवला आणि विचारलं, "काय झालंय?"

मी ब्लाऊजची वरची दोन बटणं काढली. स्तनाग्र तोवर आत ओढलं गेलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "उद्या रजा टाक."

धाराशिवला सुई घालून तुकडा काढला, तपासणीला पाठवला. आजाराचं नाव कळलं. आधी गाठ लहान करायची म्हणून सोलापूरला केमो सुरू झाली. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. त्याबद्दल मला फार सांगायचं नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं.

ऑपरेशनसाठी आम्ही पुण्याला गेलो. फक्त याच आजाराचा तो खासगी दवाखाना. फिनेलचा वास नाही, भिंतींना फिकट रंग, खिडकीत कुंड्या. सगळे हळू बोलायचे. डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एक बाजू पूर्ण काढायची. मग बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट कापून घ्यायची, वर आणून बसवायची, आणि ती वाहिनी छातीतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची. "तुमचंच मांस, तुमचंच रक्त," त्या म्हणाल्या. "बाहेरचं काही नाही." कधी कधी जोड बंद पडतो, हेही त्यांनी सांगितलं. तेवढं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नवरा म्हणाले, "आता कुणाला दाखवायचंय? गाठ निघाली, जीव राहिला, म्हणजे झालं की."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर गॅदरिंगच्या त्या पोरी माना खाली घालून हसत होत्या. मी म्हणाले, "मला पाहिजे."

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला झाला होता का? आईला, मावशीला?"

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. कॉलेज बुडवून आली होती, सगळ्या रिपोर्टची फाइल तिच्या मांडीवर होती. माझ्याआधी तीच बोलली, "नाही. आजी काविळीनं गेली."

मीच तिला लहानपणापासून तसं सांगितलं होतं. एक सांगितलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

"कावीळ नव्हती," मी म्हणाले. "आईला हाच होता."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. आईचं वय विचारलं, तेही लिहिलं. बाहेर जिन्यापाशी आल्यावर मुलीनं फाइल बाकावर ठेवली.

"म्हणजे गाठ लागली तेव्हाच तुला माहीत होतं, मम्मी?"

"अंदाज होता."

"तरी आठ महिने?"

मी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"आणि मला कधी सांगणार होतीस? मला झाल्यावर?"

तिचे वडील म्हणाले, "जाऊ दे आता." ती फाइल उचलून एकटीच जिना उतरून गेली.

ऑपरेशनला सगळा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं गाऊन बाजूला केला तेव्हा मी मान वाकवून बघितलं. सूज होती, टाके होते, नळ्या होत्या. पण तिथं उंचवटा होता. माझ्या पोटाची कातडी तिथं होती, आणि त्या कातडीवर मुलीच्या वेळचे पांढरे वण होते. पोटावर असताना त्यांच्याकडं मी कधी नीट बघितलंही नव्हतं. नर्स दर तासाला यायची, बोटानं दाबून रंग बघायची, पेनसारखं एक यंत्र टेकवायची. त्यातून रक्त वाहिल्याचा आवाज यायचा, सुक् सुक्, सुक् सुक्. मुलगी पायाशी उभी होती. तिनं विचारलं, "हा आवाज त्याचा आहे?" नर्स म्हणाली, "हो, छान चाललंय." मुलगी हसली. जिन्यावरच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच हसली. आता हे सगळं निभावून जाईल, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं बोट दाबलं आणि ती लगेच गेली नाही. पुन्हा दाबलं. यंत्र टेकवलं, जागा बदलली, परत टेकवलं. मी मान वाकवली. कातडी जांभळी पडत चालली होती.

"काय झालं?"

"मॅडमना बोलावते हं," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच गेली.

तासाभरात मला परत आत नेलं. ढकलगाडीबरोबर नवरा दारापर्यंत चालत आले. त्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरला होता. दारापाशी कुणीतरी त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी तो सोडला.

शुद्धीवर आले तेव्हा विचारायची गरज पडली नाही. गाऊन सपाट होता. डॉक्टरबाई स्टूल ओढून बसल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"शिरेत गुठळी झाली होती. आम्ही दोनदा जोडून बघितलं. रक्त परत फिरेना. काढावं लागलं."

मी विचारलं, "ते कुठंय?"

"काय?"

"माझ्या पोटाचं. जे काढलं ते."

त्यांनी चादर माझ्या खांद्यापर्यंत ओढली. मग म्हणाल्या, "ते ठेवत नाहीत, ताई. नियमाप्रमाणं विल्हेवाट लावावी लागते."

घरी आले तेव्हा मला सरळ उभं राहता येत नव्हतं. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोट शिवलेलं. काही आठवडे मी वाकून चालले. छातीवर काही नाही आणि पोटावर हातभर व्रण. भेटायला येणाऱ्या बायकांना छातीचं समजायचं. त्यावर त्या हळहळायच्या. पण पोटाचं समजायचं नाही. एक चुलत सासू कॉटवर बसून म्हणाल्या, "दुखणं वर हुतं, मग पोटाला कशाला चिरलं माय?"

काय सांगणार? नवरा स्वयंपाकघरात चहा करत होते. त्यांनी ऐकलं. चहा घेऊन आले, कप ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टरला तसं करावं लागलं." माझा हट्ट होता, असं ते कुणालाच बोलले नाहीत. मलाही नाही. बोलले असते तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी मोकळं झालं असतं. सकाळी ते भाकरी करून बघायचे, जमेना तेव्हा पोळ्या विकत आणायला लागले. माझी जखम पुसायचे, पण पुसताना बघायचे भिंतीकडं. भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे. तिच्याकडं बघत त्यांचा हात बरोबर जागेवर फिरायचा. पुढं जखम भरली, पुसायची गरज राहिली नाही, आणि त्यानंतर त्यांनी मला हात लावलेला नाही. मीही त्यांना जवळ बोलावलेलं नाही. पुढच्या खोलीत त्यांचं अंथरूण पडतं. माझा धक्का लागू नये म्हणून सुरुवातीला टाकलं होतं. ते तिथंच राहिलं.

सोलापूरला लाइट, म्हणजे रेडिएशन, घेऊन झाल्यावर मी शाळेत हजर झाले. पोरांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. मुख्याध्यापकांनी नारळ दिला. दवाखान्यातून मऊ रबराचा एक आकार दिला होता, ब्लाऊजमध्ये बसवायला. येडशीच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचायचा, व्रण सोलपटायचा. तो मी कपाटात ठेवून दिला. आता तशीच जाते. लोकांना ते धाडस वाटतं. एक सहकारी बाई म्हणाल्या, "तुमच्याकडून शिकावं." त्यात शिकण्यासारखं काही नाही. आई बोळा भरायची, कारण तिला लोकांत जायची हौस होती. माझ्यात तेवढीही उरली नाही.

मग माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी आईचं ऐकून तो करायला सांगितला होता. हे आईकडून, रक्तातूनच आलंय, असं त्यात निघालं. दुसरी बाजूही काढलेली बरी, असं त्या फोनवर म्हणाल्या. अंडाशयही. आणि मुलीनं तपासून घ्यावं. तिच्यात असेल किंवा नसेल, दोन्ही तितकंच शक्य आहे.

मी मुलीला यावेळी काही लपवलं नाही. ती सुट्टीला आली तेव्हा रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो उभ्याउभ्या वाचला. तिला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"मला आत्ता नाही करायचं," ती म्हणाली. "मला आधी पास होऊ दे."

"तुला पाहिजे तेव्हा कर."

"आणि मला बघायला कुणी आलं तर काय सांगायचं गं? हे सांगायचं?"

ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. त्यानंतर ती घरी कमी यायला लागली. अभ्यास आहे म्हणते. असेलही.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी मेथी निवडत बसले होते आणि तिचा फोन आला. मेसमधली भाजी, मैत्रिणीचा साखरपुडा, प्रॅक्टिकलची वही, असं इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम म्हणाली, "मम्मी, मी तपासायला रक्त दिलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

माझा हात थांबला. "रिपोर्ट आला?"

"आला."

"मग?"

तिच्या मागं कुणीतरी बादली सरकवल्याचं ऐकू आलं.

"तू आधी तुझं दुसरं ऑपरेशन करून घे," ती म्हणाली. "त्याची तारीख लांबवू नकोस. मी येते सोबत."

रिपोर्ट चांगला असता तर तिनं पहिल्या वाक्यात सांगितलं असतं. तिला आनंद लपवता येत नाही, लहानपणापासून नाही.

"ये," मी म्हणाले.

तिनं फोन ठेवला. नवरा दारात येऊन उभे होते. "काय म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

"पुण्याची तारीख घ्या म्हणाली," मी सांगितलं. ते कॅलेंडरपाशी गेले आणि पान वर करून पुढचा महिना बघायला लागले.