उडनमामा आणि पांढरा गोल

पुतणीच्या साक्षगंधात मी माझ्या साळ्याची ओळख मोठ्या ऐटीत करून दिली, "हा फवारणीचे ड्रोन बनवतो." जेवणं होईपर्यंत कोरपन्याच्या दोन कापूसवाल्यांनी त्याला गाठून बोंडअळीची चर्चा सुरू केली होती. त्याने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, ओळखीच्या एका ड्रोनवाल्याचा नंबर दिला आणि मला मांडवाच्या कडेला नेऊन हळूच म्हणाला, "भाऊजी, माह्यावाल्यात औषध नाई बसत. मानूस बसते."

मी राजुऱ्याला एका सरकारी कचेरीत बाबू आहे. मोटरसायकलचा प्लग बदलायलाही मला मेकॅनिक लागतो. त्यामुळे बायकोचा हा धाकटा भाऊ बंगलोरला नेमकं काय करतो, ते डोक्यात शिरायला फार वेळ लागला. धावपट्टीशिवाय सरळ वर उठणारं, विजेवर चालणारं, चारपाच माणसांचं विमान. कंपनीचे लोक त्याला हवाई टॅक्सी म्हणत. पंखे बरेच, एक बंद पडला तर बाकीचे सांभाळून घेतात. "आपल्या घरच्या मोठ्या खटल्यावानी," असं तो समजावून सांगे. माझ्या मुलांनी त्याचं नाव उडनमामा ठेवलं आणि मग घरात सगळेच तसं म्हणू लागले.

उडनमामा घरात आला की तब्येत विचारत नसे, वजन विचारी. माणसाचं, सिलिंडरचं, कुत्र्याचंसुद्धा. बॅगेत एक लटकता काटा असायचा. बायकोने बांधून दिलेला लाडवांचा डबा तो काट्याला लावी आणि डबा परत करून लाडू पिशवीत घेई. माझं वजन मी जरा हात राखूनच सांगितलं, तर माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "तुम्ही बसले तं एक सवारी कमी करा लागन." या काट्याचं वेड कशापायी, ते त्याने एकदाच सांगितलं. "पेट्रोल जळते तसं विमान हलकं होत जाते. बॅटरी मेली तरी तिचं वजन तेवढंच राह्यते, भाऊजी. रिकामी झाली तरी उचलूनच न्या लागते."

हे विमान त्याला कुणासाठी हवं होतं, ते मात्र विचारावं लागत नसे. माझं सासर आलापल्लीच्या पुढे. पावसाळ्यात नाला चढला की पलीकडचे टोले, म्हणजे वाड्या, तुटतात, आणि आजारी माणसाला बाजेवर घालून चौघे खांद्यावर आणतात. माझ्या मास्तर सासऱ्यांचा हा मुलगा लहानपणापासून त्या बाजा बघत आला होता. "चहा थंडा व्हायच्या आत मानूस तिकडून इकडं," एवढंच त्याचं म्हणणं.

पण विमान बनवायला पैसा लागतो आणि पैसेवाल्यांपुढे मामाला पुन्हा पुन्हा उभं राहावं लागे. बैठक झाली की मी फोन करी, "जमलं का?" तो म्हणे, "आवडलं म्हनले." मुलगी बघून गेलेल्या पाहुण्यांसारखंच ते. आवडली, कळवतो. मग कळवत कुणी नसे.

शेवटी दोन साहेब तयार झाले. मामाचा हट्ट, आधी नाला डोळ्यांनी बघा. मला त्याने पाहुण्यांच्या सरबराईला नेलं, म्हणजे चहा सांगायला. गावकऱ्यांनी त्याच्या सांगण्यावरून शाळेमागची जागा साफ केली आणि विमान कुठे उतरेल ते कळावं म्हणून चुन्याने मोठा पांढरा गोल आखला. आता आमच्या भागात असा गोल आखला की त्या दिवशी काहीतरी उतरतंच. मंत्र्याचं हेलिकॉप्टर, नाहीतर पोलिसांचं. रिकामा राहिलेला गोल कुणी पाहिलेला नाही.

साहेब मोटारीने आले. मामाने टेबलावर विमानाचं छोटं मॉडेल मांडलं आणि बोलायला लागला. तेवढ्यात नाल्याकडून चार माणसं बाज घेऊन आली. बाजेवर एक म्हातारी, खुबा मोडलेली. कमरेएवढ्या पाण्यातून आणलेली, बाजेची दोरी ओली. माणसांनी बाज नेमकी गोलाच्या कडेला ठेवली आणि चौघंही आभाळाकडे बघत उभी राहिली.

मामा बोलायचा थांबला. बाजेजवळ जाऊन उकिडवा बसला आणि म्हातारीच्या लेकाला म्हणाला की विमान अजून तयार व्हायचं आहे, आज नुसतं दाखवायचं होतं. लेकाने टेबलावरच्या मॉडेलकडे पाहिलं, मग जमिनीकडे. रागावला नाही.

"मंग गोल काऊन आखला?"

मामा उठला. साहेबांना न विचारताच त्याने त्यांच्या मोटारीत म्हातारीला घातलं आणि अहेरीच्या दवाखान्याकडे पाठवून दिलं. साहेब बिचारे चांगले होते. त्यांचे डोळे भरून आले. मोटार परत येईपर्यंत मोहाच्या झाडाखाली माझा गोड चहा प्यायले. मग त्यातल्या एकाने मऊ आवाजात विचारलं की इथल्या माणसाला तिकीट परवडेल का.

पैसे आले. अट एकच, पहिली फेरी बंगलोरच्या विमानतळावरून कचेऱ्यांच्या वस्तीत. "पहिले उडू तं द्या, भाऊजी," मामा मला म्हणाला, जणू अट मीच घातली होती. नमुना उडाला, बिनमाणसाचा, दोरीला बांधलेला. त्याचा व्हिडिओ आम्ही सगळ्या आळीला दाखवला. पण माणूस बसवायचा तर आणखी चाचण्या, आणखी परवानग्या, आणखी पैसा. दुसऱ्या खेपेला साहेबांना आवडलंसुद्धा नाही. कंपनी बंद झाली.

त्यानंतर मामा आमच्याकडे येई, पण गावी जायचं टाळी. मी म्हटलं, म्हातारी चांगली चालते आता, काठी घेऊन. म्हणाला, "तिचा लेक भेटन नं."

या वर्षी तो परदेशात गेला, तिथल्या अशाच एका कंपनीत. त्यांचं विमान माणसांसकट उडतं म्हणे. त्याला सोडायला आम्ही नागपूरला गेलो. मी विनोद करायला गेलो की बघ, तुझं सामान तिथे दुसरेच तोलतात. तो हसला नाही. आपल्या ताईच्या पाया पडला आणि आत गेला.

परतताना वरोऱ्यापर्यंत मी आपला बायकोला बरं वाटावं म्हणून बोलत राहिलो. तिथे पैशाला तोटा नाही, आता त्याच्या हातून होईल, बघ, माणसं बसतील त्यात.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बसतीन नं. ज्यायच्या दारापर्यंत रस्ता आहे, ते बसतीन."