अप्पांच्या दोन डोळ्यांतली पाणथळ

लग्न होऊन मी नाशिकहून चेन्नईला आले तेव्हा सासरच्या बैठकीत भिंतभर चित्रं होती, आणि त्यांतल्या एकातही मला धड काही दिसेना. करडं पाणी, करडं आकाश, मधे एक अंधुक रेघ. ओल लागून रंग उडाले असावेत असं मला वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सासरे, म्हणजे अप्पा, खळखळून हसले. "उडाला नाही मा, मी घातलाच नाही!"

घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेल काढून बोललेली, सुनेलाही तमिळसारखं लाडानं 'मा' म्हणणारी. "काय बघूलागलीस?" असं अप्पांनी विचारलं की मला क्षणभर थांबून अर्थ लावावा लागे.

अप्पांची सगळी नोकरी गिंडीच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात गेली. सुट्टीच्या दिवशी मात्र ते पहाटे पळ्ळीकरणैच्या पाणथळीवर जाऊन बसत. धुक्यात पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळत नसे, तेवढीच वेळ त्यांना हवी असे. राखेचा किंवा पातळ चहाचा, असा एकच रंग ते मनाशी धरत आणि अख्खं चित्र त्याच्याच कमीजास्त छटांत काढत.

तरुणपणी ते ही चित्रं घेऊन नुंगंबाक्कमच्या एका गॅलरीत गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "एखादं गोपुर घाला, मासळीवाल्या बायका घाला, थोडा लाल रंग दिसू द्या." अप्पा चित्रं गुंडाळून घरी आले. ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. त्यानंतर महिनाभर त्यांनी ब्रश धरला नाही, असंही त्या म्हणाल्या.

माझी नोकरी सिरुसेरीला. अप्पा निवृत्त झाल्यावर ऑफिसला जाता जाता मी त्यांना स्कूटरवरून पाणथळीपाशी सोडू लागले. मांडीवर रंगांची पेटी सांभाळत ते मागे बसत. "डोळे अर्धे मिटून बघ मा," ते सांगत. हळूहळू मलाही त्या करड्यात कितीतरी दिसायला लागलं.

मग त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि ते सासूबाईंच्या साडीकडे बघतच राहिले. "ही इतकी निळी होती?" घरी आल्यावर ते भिंतीपुढे उभे राहिले आणि एकेक चित्र काढून उलटं ठेवू लागले. "सगळं पिवळं. मी पिवळ्या काचेतून बघत होतो."

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "माझं लग्न झालं तेव्हाची चित्रंही यात आहेत. तेव्हाही मोतीबिंदू होता काय?"

अप्पांनी जुनी चित्रं परत टांगली. अलीकडची मात्र तशीच पाठमोरी राहिली.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली होती. अप्पा म्हणाले, थोडं थांबू. डॉक्टर वैतागले, माझा नवरा चिडला. अप्पांनी मला बाजूला बोलावलं. "हा डोळाही साफ झाला की ती पाणथळ परत दिसायची नाही मा. एकदा घेऊन चल."

मी रजा टाकली. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून त्यांनी एक चित्र काढलं, थंड, चांदीसारखं. दुसऱ्या दिवशी रुमाल उजव्या डोळ्यावर बांधून त्याच जागेचं दुसरं, पातळ चहाच्या रंगाचं.

"यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"कळत नाही. म्हणून तर दोन काढली."

मग ते हसतहसत ऑपरेशनला गेले.

पुढच्या हिवाळ्यात नुंगंबाक्कमच्या त्याच गॅलरीत ती दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लागली. गॅलरी आता बाईंची मुलगी बघते. चित्रांबद्दल कुणाकडून ऐकून तिनं ती आमच्या घरी येऊन पाहिली आणि तिथंच ठरवलं. उद्घाटनाला आलेली माणसं कधी हा डोळा झाकून, कधी तो झाकून चित्रांपुढे उभी होती. बाई काठी टेकत आल्या. बराच वेळ बघून अप्पांना म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही माझं ऐकलं नाहीत."

"ऐकलं होतं की," अप्पा म्हणाले. "महिनाभर. मग राहवेना."

दोघंही हसली. घरी परतताना गाडीत अप्पांची बोटं गुडघ्यावर कसलातरी ताल धरत होती.

त्यानंतर ते काही वर्षं काढत राहिले. हात थरथरू लागल्यावर लहान कागद घेऊ लागले. ते गेले तेव्हा चित्राच्या बोर्डावर एक चित्र तसंच लावलेलं होतं, खालचा भाग कोरा. बैठकीत लावू या, असं मी म्हटलं, पण सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी ते स्वयंपाकघरात, कॉफीच्या डब्याच्या वर टांगून घेतलं. तिथं ते कुणा पाहुण्याला दिसत नाही. सकाळी दूध तापेपर्यंत त्या एकट्याच त्याच्याकडे बघत उभ्या असतात.