सैल शेपटीचा उंदीर

हरल्यावर कारण शोधण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा, म्हणजे बायकोच्या मामांचा, हात धरील असा माणूस अख्ख्या मद्रासेत झाला नाही. पत्त्यात हरले की पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलेलं असायचं, कॅरममध्ये हरले की पावडर दमट असायची. मामींना बघायला ते तंजावरला गेले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी बुद्धिबळाचा पट मांडला आणि आतून पाहुण्यांसाठीची सोजी-बज्जी, म्हणजे शिरा-भजी, यायच्या आत त्यांना मात दिली. मुलगी मिळाली, पण ती मात काही ते विसरले नाहीत. "मी वजीर उचलला आणि दाराआड हिच्या बांगड्या वाजल्या, माप्पिळ्ळै. मी काय करणार?" असं ते मला दर भेटीत ऐकवत. जावयाला ते तमिळमध्येच हाक मारत, बाकीची मराठी मात्र पूर्वजांनी तंजावरला आणली तशीच जपलेली. पुढे सासरे वारले आणि उट्टं काढायचं राहून गेलं. मरायच्या आत एकदा तरी, मामींच्या देखत, बुद्धिबळाचा एक डाव जिंकायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती. बाळगली म्हणजे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती.

मी सांगलीहून बदली होऊन जॉर्ज टाउनमधल्या बँकेत आलो होतो आणि दर रविवारी ट्रिप्लिकेनला त्यांच्याकडे जेवायला जायचो. मामांच्या मुलाला बंगलोरला नोकरी लागली, तो आपला कॉम्प्युटर इथंच टाकून गेला, आणि त्यात बुद्धिबळ आहे असं कळल्यावर मामांनी त्याचा ताबा घेतला. माउसला ते उंदीर म्हणत. उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन, म्हणून चतुर्थीला त्याला कुंकू लावत. त्या कुंकवानं एकदा डावं बटण चार दिवस चिकटून बसलं होतं. पण खरा घोळ होता तो शेपटीचा. कॉम्प्युटरच्या पाठीत जिथं माउसची केबल बसते, तिथले दोन्ही स्क्रू कधीच हरवले होते. पंखा जरा जोरात फिरला तरी प्लग सैल व्हायचा आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. मामांनी रबर बँड लावून पाहिलं, काडेपेटीचा पुठ्ठा खुपसला, कपड्याचा चिमटा लावला, एकदा तर उरलेल्या इडलीच्या पिठानं चिकटवायला निघाले होते. शेवटी एकच उपाय चालला. मामींनी टेबलामागं स्टुलावर बसायचं आणि प्लग हातानं दाबून धरायचा.

अशा रीतीनं मामा कॉम्प्युटरच्या पुढं आणि मामी मागं, अशी ती दोघं दुपारभर समोरासमोर बसत. हात लावलेली सोंगटी हलवलीच पाहिजे, चाल परत घेणं म्हणजे बेइमानी, हा मामांचा बाणा. त्यामुळे बाण नेमका सोंगटीजवळ येऊन अडला की ते कळवळत. "अगे, धरलीस कीं सोडलीस?"

"धरलें कीं. तुमचा उंदीरच आळशी."

एका रविवारी मी मामींच्या शेजारी जमिनीवर बसलो होतो. मामांना फुकटचं प्यादं दिसलं आणि त्यांनी बाण वजिराकडे नेला. मामींनी मान किंचित वर केली, मामांच्या डोक्यावरून पलीकडं पाहिलं आणि अंगठा हळूच ढिला केला. बाण थिजला. मामा उंदरावर खेकसले, मग पटाकडे पुन्हा बघत राहिले आणि म्हणाले, "जाऊं दे, माझ्या मनांत घोडाच होता." मी मामींच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. मामांच्या मागं लोखंडी कपाट होतं, त्याला मोठा आरसा होता, आणि आरशात सगळा डाव उलटा दिसत होता.

"दाराआडून बघून शिकलें मी," मामी पुटपुटल्या. "उलटें बघायची सवय आहे. तुम्ही कॉफी प्या."

आणि एके दिवशी मामा जिंकले. कॉम्प्युटरला मात दिली, मामींच्या देखत, माझ्या साक्षीनं. बाल्कनीत जाऊन त्यांनी खालच्या फुलवालीला ओरडून सांगितलं. तिला वाटलं नातू झाला. मामी पदराला हात पुसत म्हणाल्या, "आज बांगड्या वर सारल्या होत्या." मामा इतके खूश होते की त्यांना टोमणा ऐकूच आला नाही. निदान मला तसं वाटलं.

मग मुलानं कौतुकानं रिची स्ट्रीटच्या कॉम्प्युटर-बाजारातून एक मेकॅनिक पाठवला. त्यानं पाठीमागं वाकून पाहिलं, मामांकडे वळून म्हणाला, "लूस, सार." मद्रासेत माणसाला लूस म्हणणं म्हणजे त्याचं डोकं फिरलंय म्हणणं. "कोणाला सांगतोस लूस?" म्हणून मामा छत्री घेऊनच उठले. मध्ये पडता पडता माझा चष्मा गेला. तेवढ्यात बिचाऱ्यानं दोन चकचकीत स्क्रू आवळले आणि जिन्यावरून धूम ठोकली.

त्यानंतर बाण कधी थिजला नाही आणि मामा एकही डाव जिंकले नाहीत. जिंकणं सोडा, धड टिकले नाहीत. वाईट म्हणजे सांगायला कारणच उरलं नाही. मामी स्वयंपाकघरात भांडी आदळत, मामा चालीमागून चाल चुकत, आणि मधेच सवयीनं म्हणत, "अगे, धरलीस कीं?" पुढं त्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. मला फार वाईट वाटलं.

दोन-तीन आठवड्यांनी गेलो तर टॉवेल गायब आणि मामी स्टुलावर. संध्याकाळी मामा मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले आणि त्यांनी माझ्या हातावर ते दोन स्क्रू ठेवले.

"तुमच्याजवळ असूं द्या. तिला सांगूं नका."

"म्हणजे तुम्हीच काढले?"

"उंदीर मरायचा तो मी चुकायला लागलों कीच मरायचा, माप्पिळ्ळै. इतका हुशार उंदीर रिची स्ट्रीटवर मिळतो होय? पहिल्या दिवशींच कळलें मला."

"मग तो जिंकलेला डाव?"

ते हसले. बस आली होती. "तो दोघांनीं जिंकला. हिच्या बापाशीं मी एकटा खेळलों, तिथेंच चुकलें."

आता दोघंही नाहीत. त्या घराच्या जागी मोठी इमारत झाली आहे. दुपारी कधी घरात बांगड्या वाजल्या की मला दोघांची फार आठवण येते. परवा खण आवरताना बायकोला ते दोन स्क्रू सापडले. "कशाचे आहेत हे? कुठे लावायचेत का?" तिनं विचारलं.

म्हटलं, राहू दे. ते लावायचे नाहीत म्हणूनच ठेवले आहेत.